खोली माइक बदलून जात नाही: घरी ऑडिओबुक वाचणाऱ्याने माइक कसा निवडावा, कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दहा बाय अकराची बेडरूम, तिथे मराठी ऑडिओबुकं वाचायची आहेत. हाताशी ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर (विजेवर चालणारा, बारीक आवाजही टिपणारा) माइक आणि दोन इनपुटांचा साधा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी. आवाज ‘बाथरूममध्ये उभं राहून बोलल्यासारखा’ येतो आणि मागे सतत बारीक सूं असते. मित्र म्हणतो, कंडेन्सर विकून टाक, शुअरचा एसएम७बी घे, डायनॅमिक (विजेशिवाय चालणाऱ्या, कमी संवेदनशील) माइकला खोली ऐकूच येत नाही. चाळीस हजार बाजूला काढलेत. घ्यावा का, लावावा कसा, आणि यूएसबी माइक चालेल का?

एसएम७बी आत्ता घेऊ नका. एटी२०२० विकूही नका. चाळीसातले पहिले पाच-सात हजार खोलीवर जाऊ द्या, महिनाभर वाचा, आणि तेव्हाही माइक बदलावासा वाटला तर काय घ्यायचं ते पुढे सांगतो.

मित्राचं म्हणणं स्टुडिओबाहेर सर्रास ऐकू येतं. त्यात घोळ असा आहे की ‘कमी ऐकणारा’ माइक आणि ‘निवडून ऐकणारा’ माइक यांची गल्लत होते. आवाजाचा दाब सारखा ठेवला (१ पास्कल, म्हणजे ९४ डेसिबल), तर एटी२०२० सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो आणि एसएम७बी १.१२. फरक जवळजवळ २२ डेसिबलचा. गेनचा (माइकचा आवाज वाढवण्याचा) नॉब न हलवता एकापाठोपाठ दोन्ही लावून बघितले तर एसएम७बीमधून पंखा गायब झालेला वाटतो. पण तुमचा आवाजही तेवढाच खाली गेलेला असतो. तो वर आणायला गेन चढवला की पंखा, भिंतींचा घुमारा, शेजारचा टीव्ही असे सगळे सोबत वर येतात. दोन्ही माइक कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे), दोन्ही तोंडापासून सारख्याच अंतरावर, तर आवाज आणि खोली यांचं प्रमाण दोघांतही जवळपास तेच राहतं. डायनॅमिकमध्ये वरच्या पट्टीतली सळसळ जरा कमी उमटते, एवढाच काय तो फरक. एसएम७बीची ख्याती झाली ती तो लोक तोंडाला चिकटवून वापरतात म्हणून. म्हणजे खोली कमी केली ती अंतराने, आणि श्रेय मिळालं माइकला.

अंतर किती काम करतं ते बघा. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीभर फिरत राहिलेला घुमारा तेवढाच राहतो. माइक ४० सेंटिमीटरवरून २० वर आणला, तर फुकटात ६ डेसिबल पदरात पडतात. २० वरून १० वर आणला तर आणखी ६. एवढा फरक कुठलाही माइक बदलून मिळणार नाही. तुमच्या वर्णनावरून माइक टेबलाच्या पलीकडच्या कडेला आहे आणि तुम्ही खुर्चीत टेकून वाचताय, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर निम्मी तक्रार तिथेच आहे.

आता त्या सूंबद्दल. ढोबळ गणित करू. शांतपणे गोष्ट सांगणारा माणूस एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतो. एका वितीवर, म्हणजे २० सेंटिमीटरवर, तो ७४ च्या घरात जातो. रात्री पंखा बंद, खिडक्या बंद अशा शहरी खोलीची पार्श्वभूमी ३० धरू. एटी२०२० चा स्वतःचा आवाज, ज्याला सेल्फ नॉइज म्हणतात, तो २० डेसिबल आहे. मोजपट्टी म्हणून ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक मंचाच्या अटी घेऊ, कारण त्या उघड आणि नेमक्या आहेत: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल (डिजिटल पट्टीवर शून्य म्हणजे कमाल पातळी), सर्वोच्च टोक उणे ३ च्या खाली आणि न बोलतानाचा आवाज उणे ६० च्या खाली. तुमचं वाचन सरासरी उणे २० वर बसवलं, तर खोली येते उणे ६४ वर आणि माइकची सूं उणे ७४ वर. जेमतेम पास. आता याच खोलीत ४.५ डेसिबल सेल्फ नॉइजचा रोड एनटी१ आणून ठेवा. माइकचा आकडा उणे ९० च्या जवळ जाईल, पण खोली जागची हलणार नाही, उणे ६४ वरच राहील. आणि पंखा चालू ठेवून खोली ४५ वर नेली, तर उणे ४९. मग माइक लाखाचा असो, फाइल परत येणार.

म्हणून एसी असेल तर रेकॉर्डिंगआधी अर्धा तास लावून खोली गार करा आणि बोलताना सगळं बंद ठेवा. दुसऱ्या खोलीतला फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, लॅपटॉपचा पंखा, बांगड्या, खुर्चीची करकर, सगळं माइकला ऐकू जातं. लॅपटॉप माइकच्या मागच्या बाजूला आणि शक्य तितका लांब ठेवा. कार्डिऑइड माइक नेमका पाठीमागे सगळ्यात बहिरा असतो, तेव्हा तुम्हाला टाळता न येणारा आवाज ज्या दिशेने येतो तिकडे त्याची पाठ करा. वेळ निवडताना एक सांगतो: पहाट शांत असेल अशा भरवशावर उन्हाळ्यात राहू नका. कोकिळेचा आवाज बरोबर माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत पडतो, फिल्टर लावून तो काढता येत नाही, आणि ती शब्दांमधल्या फटींत नाही, शब्दांवरच ओरडते.

खोलीचा घुमारा मात्र वेगळा विषय आहे आणि त्यात बहुतेक जण चुकीच्या भिंतीवर पैसे घालतात. माइकच्या मागे फोम चिकटवतात किंवा अर्धगोल ढाल आणतात. माइक बघतो कुठे? तुमच्याकडे, आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. तुमचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, तुमच्या मागच्या भिंतीवर आदळतो आणि तिथून सरळ माइकच्या तोंडात जातो. पहिला बंदोबस्त तुमच्या पाठीमागे हवा, मग डावी-उजवीकडे, मग डोक्यावर, आणि माइकच्या मागची भिंत सगळ्यात शेवटी.

बंदोबस्तासाठी इंचभर जाडीचा खाचांचा फोम घेऊ नका. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. इंचभर फोम त्याला अडवत नाही. तो फक्त वरची झळाळी शोषतो, खालचा घुमारा तसाच ठेवतो, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. आपल्याकडे त्याहून सरस वस्तू घराघरांत पडून आहेत. जुन्या लुगड्यांच्या थरांची जड गोधडी किंवा वाकळ दुहेरी करून भिंतीपासून चार-पाच इंच पुढे टांगा. भिंतीला चिकटवू नका. मधल्या हवेमुळेच ती आणखी खालच्या पट्टीपर्यंत काम करते. कापसाची गादी तर त्याहून चांगली, पाठीमागे उभी टेकवून ठेवा. कपड्यांनी भरलेलं कपाट बाजूला असेल तर वाचताना दारं उघडी ठेवा. पण कपाटाच्या आत बसून वाचू नका. तिथे आवाज कोंदतो आणि तो कोंदटपणा नंतर ईक्यूने (वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करून) पुरता जात नाही. कायमचं करायचं असेल तर सुताराकडून चार लाकडी चौकटी करून घ्या, आत ४८ घनतेची (घनमीटरला ४८ किलो) ५० मिलिमीटरची रॉकवूल स्लॅब दुहेरी घाला, वर घट्ट विणीचं पण हवा जाणारं कापड ताणा. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क लावा, त्याचे तंतू टोचतात. चौकटी झाल्या की खोलीत टाळी वाजवून बघा. टाळीमागे धातूसारखी झर्र येत असेल तर दोन समोरासमोरच्या भिंती अजून उघड्या आहेत.

खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, कोपऱ्यातही नको. दहा फुटांच्या बाजूवर एका भिंतीपासून चार फुटांच्या आसपास बसा. टेबल असेल तर त्यावर जाड टॉवेल किंवा सतरंजी टाका. टेबलावरून उसळून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त चालून आला, तर ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, पुढे १५०० ला, आणि हे खड्डे मान हलली की सरकतात. ‘आवाज मध्येच पोकळ होतो’ अशी तक्रार असते तेव्हा मी आधी टेबल बघतो.

आता माइक लावणं. एटी२०२० मध्ये वरच्या टोकातून बोलायचं नसतं, बाजूने बोलायचं असतं. कंपनीचं चिन्ह तुमच्या तोंडाकडे हवं. हसू नका, टोकाकडून बोलणारे पुष्कळ जण असतात आणि त्यांना तो माइक ‘पातळ’ वाटतो. तोंड ते माइक एक वीत. अंगठा ओठाला, करंगळी माइकच्या जाळीला. मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी), माइकपासून चार-पाच बोटं अलीकडे. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता नाकाच्या उंचीवर, थोडा एका बाजूला, आणि त्याचा रोख ओठांच्या कोपऱ्याकडे. म्हणजे तोंडातून सुटणारा हवेचा झोत जाळीच्या बाजूने निघून जातो आणि आवाज तेवढा पोचतो.

हे मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये माइक तपासतात ते ‘प’ आणि ‘स’ वर. आपल्याकडे ‘भ’ आणि ओठ मिटून म्हटलेला ‘फ’ हे दोन्ही हवेचा गोळा फेकतात, ‘ध’ आणि ‘थ’ थोडा कमी. कथावाचनात तर प्रत्येक संवादानंतर ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ येतं, त्या ‘म्ह’ मधला श्वास सरळ समोर जातो. दुसऱ्या टोकाला ‘स’, ‘श’ आणि चाळीतला, चांदण्यातला दंत्य ‘च’. बऱ्याच स्वस्त कंडेन्सरमध्ये वरच्या पट्टीत मुद्दाम उठाव दिलेला असतो, आणि हे वर्ण तिथेच टोचतात. माझं तपासणीचं वाक्य आहे: ‘भाऊंनी फाटकापाशी भला थोरला भोपळा फोडला आणि चाळीतल्या सासूबाई चांदण्यात साखर चाखत बसल्या.’ अर्थाकडे दुर्लक्ष करा. पहिल्या अर्ध्यात ढब्‌ढब्‌ आली तर माइक आणखी बाजूला सरकवा. दुसऱ्या अर्ध्यात कान टोचले तर माइक दहा-पंधरा अंशांनी तिरका फिरवा. अक्षाबाहेर गेलं की वरची धार बोथट होते. डी-एसर, म्हणजे ‘स’ची धार कमी करणारं सॉफ्टवेअर, हा त्यानंतरचा उपाय.

फार जवळ गेलात तर आवाज भारदस्त होतो. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात आणि नव्या वाचकांना त्याची चटक लागते. जाहिरातीच्या अर्ध्या मिनिटाला तो शोभतो. आठ तासांच्या कादंबरीत ऐकणाऱ्याला थकवतो, शिवाय तुम्ही दोन बोटं मागे सरकलात की माणूस बदलल्यासारखा वाटतो. ऑडिओबुकला एक वीत बरी. खालची घरघर घालवायला ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापणारा फिल्टर, लावा. एटी२०२० वर तसा स्विच नाही, म्हणून तो सॉफ्टवेअरमध्येच.

वाचायचा मजकूर टॅबलेटवर घ्या, कागद सळसळतात. टॅबलेट माइकच्या मागे, डोळ्यांच्या उंचीवर. मांडीवर ठेवलात तर मान खाली जाते, गळा दबतो आणि तोंड माइकखाली जातं. स्टँड टेबलावर नको, जमिनीवर उभा, आणि माइक रबरी शॉकमाउंटमध्ये, म्हणजे धक्के शोषणाऱ्या पकडीत.

गेन असा ठेवा की तुमचं सगळ्यात मोठं वाक्य उणे १२ ते उणे ९ पर्यंत जाईल. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवलंत तर पातळी थोडी कमी राहिली म्हणून काही बिघडत नाही. वर फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. सॅम्पल रेट प्रकाशक सांगेल तो, नाही सांगितला तर ४४.१ किलोहर्ट्झ. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसमधून केबलवाटे जाणारी वीज, लागते. ती चालू-बंद करताना हेडफोन कानावरून काढा. हेडफोन बंद कपांचे हवेत, नाहीतर त्यातला आवाज माइकमध्ये शिरतो.

सूं नसून हम्म असेल, म्हणजे एकसुरी घुंग, तर तो विजेचा दोष असतो. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे हम ५०, १००, १५० वर दिसतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगमध्ये किंवा चार्जरमध्ये आहे. इलेक्ट्रिशियनकडून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन मोडून काम भागवू नका.

नवशिक्याला आणि सरावलेल्याला वेगळं करणारी गोष्ट म्हणजे सातत्य. पुस्तक आठवडाभर, पंधरा दिवस चालतं. तिसऱ्या प्रकरणातला आवाज चौदाव्याला जुळला पाहिजे. खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा. स्टँडला वीतभर दोरा बांधून ठेवा, बसल्यावर तो हनुवटीला लावून अंतर बघायचं. गेनच्या नॉबचा फोटो काढून ठेवा. रोज बसल्यावर कालचा शेवटचा परिच्छेद हेडफोनवर ऐका, तोच पुन्हा वाचा, दोन्ही ताडून बघा. सुरुवातीला अर्धा मिनिट काहीही न बोलता खोली रेकॉर्ड करा, एडिटरला फटी भरायला ती लागते. सकाळचा आवाज जड असतो, संध्याकाळचा मोकळा, तेव्हा एका पुस्तकाला एकच वेळ. दुधाचा चहा वाचनानंतर प्या. आधी घेतला तर तोंडात चिकटा येतो आणि प्रत्येक शब्दामागे चटक्‌चटक्‌ वाजतं.

हे सगळं करून महिनाभर वाचलंत आणि माइक खरंच अपुरा वाटला, तर निवड आवाज ऐकून करा. खोली शांत झाली असेल आणि तुमचं वाचन हळुवार असेल, तर कमी सेल्फ नॉइजचा मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर घ्या. रोड एनटी१ हा त्यातला सरळ, फारसा उठाव नसलेला पर्याय आहे. त्याच घराण्यात राहायचं असेल तर एटी२०३५ मध्ये सेल्फ नॉइज १२ वर येतो आणि ८० हर्ट्झचा स्विचही मिळतो. रस्ता खिडकीशी आहे, भाड्याच्या घरात भिंतींना हात लावता येत नाही, आणि तुम्हाला चार बोटांवर तोंड स्थिर ठेवून वाचता येतं, तरच डायनॅमिक. तिथेही आधी १९६६ पासून चालत आलेला साधा एसएम५८ फोमची टोपी घालून वापरून बघा. एसएम७बी त्याच्या साधारण चौपट किमतीला जातो आणि चौपट चांगला नसतो. एसएम५८ अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, त्याच्या नकला बाजारात पोत्याने आहेत.

तरीही एसएम७बीवरच मन बसलं, तर त्याला ६० डेसिबल स्वच्छ गेन लागतो हे लक्षात घ्या. फोकसराइट स्कार्लेट २आय२ चं तिसरं मॉडेल ५६ पर्यंत जातं, चौथं ६९ पर्यंत. जुना इंटरफेस असेल तर मध्ये बूस्टर (इंटरफेसआधी आवाज वाढवणारी छोटी डबी) लावावा लागेल, म्हणजे बजेट आणखी फुगणार. वाचताना मान हलवणाऱ्यांना इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२० जास्त मानवतो. त्याच्या रचनेमुळे जवळ-लांब झालं तरी खालचा भार फारसा बदलत नाही. नॉयमान यू ८७ चं नाव सगळे घेतात. माइक सुंदर आहे, पण तुमच्या खोलीत तो तुमची खोली फार सुंदर ऐकवेल. हौसच असेल तर मुंबईत अंधेरीकडे एक दिवस भाड्याने घ्या, घरी आणा, एटी२०२० शेजारी लावा, तेच पान दोन्हीवर वाचा, फायलींची नावं लपवून दुसऱ्याला ऐकवा. सेनहायझरचा एमकेएच ४१६ लहान, उघड्या खोलीत घेऊ नका. लांब नळीच्या माइकला बाजूने येणारे पडसाद विचित्र रंगात ऐकू येतात. त्याचा खरा गुण दमट हवेत टिकण्याचा, म्हणून शूटिंगवाले त्याला पावसाळ्यात सोडत नाहीत.

पावसाळ्याचं तुम्हालाही लागू आहे. साध्या कंडेन्सरमध्ये ओल शिरली की तडतड सुरू होते. काम झालं की माइक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवा किंवा बदला. स्टँडवर राहू दिलात तर निदान स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवा, धूळ आणि ओल दोन्ही अडतात.

यूएसबी माइकचं म्हणाल तर तुमच्याकडे इंटरफेस आहेच, तेव्हा गरज नाही. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला जोडायची तीन पिनांची जोडणी) दोन्ही असलेला घ्यावा, शुअरचा एमव्ही७ किंवा सॅमसनचा क्यू२यू अशासारखा. सुरुवात यूएसबीवर होते, पुढे इंटरफेस आला की माइक फेकावा लागत नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं आपोआप पातळी जुळवणारं बटण बंद करा. ते चालू राहिलं तर तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की खोलीचा आवाज वर येतो आणि बोलायला लागलात की खाली जातो, आणि ही चढउतार नंतर कुठलाही एडिटर काढू शकत नाही.